कर्ज फिटत नाही, तेव्हा कोणत्या दारी जावे?

वस्तीवर कार्यकर्ता गेला की आजारपण, मुलांची शाळा आणि रेशनकार्ड यांच्या पाठोपाठ कर्जाचा विषय निघतोच. अलीकडे शिकलेली तरुण मुले आणखी एक प्रश्न विचारू लागली आहेत : ‘‘दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होता येते का? त्यासाठी वकील कुठे मिळेल?’’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या लेखात पुढे दिले आहे. पण आपल्या भागातील बहुतेक कुटुंबांना दिवाळखोरीच्या दारापर्यंत जाण्याची गरजच पडत नाही. सावकाराच्या कर्जाला एक कायदा, मुकादमाच्या उचलीला दुसरा, महिला गटाच्या कर्जाला तिसरा नियम लागू होतो. कर्ज कोणत्या प्रकारचे आहे हे एकदा ओळखले की कोणत्या कचेरीत जायचे ते ठरते, आणि सोबतीला वकील फुकट मिळतो. हे माहीत नसल्यामुळे माणसे रात्रीतून गाव सोडतात, कोऱ्या कागदावर अंगठा देतात, किंवा एका सावकाराचे फेडण्यासाठी दुसऱ्याकडे जातात. कार्यकर्त्यांनी हा लेख वस्तीवर वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

आधी कागद मांडावेत

घरातील सर्व कर्जे एका वहीत लिहून काढावीत. प्रत्येक कर्जासमोर पाच गोष्टी लिहाव्यात : पैसे कोणी दिले, हातात प्रत्यक्ष किती आले, आजवर किती दिले, व्याज किती सांगितले होते आणि कोणत्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला. पावत्या, हप्त्याचे कार्ड, बँकेचे पासबुक, मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी एका पिशवीत ठेवाव्यात. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे. ही वही म्हणजेच वकिलाचे निम्मे काम.

सावकाराचे कर्ज

महाराष्ट्रात आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. त्याआधी १९४६ चा मुंबई सावकार अधिनियम होता. नव्या कायद्यानुसार परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवाना असलेल्या सावकारालाही मनाला येईल ते व्याज लावता येत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारने ठरवलेले वार्षिक दर असे आहेत : शेतकऱ्याला तारण कर्जावर ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, शेतकरी नसलेल्याला तारण कर्जावर १५ टक्के आणि विनातारण कर्जावर १८ टक्के.

हे दर वर्षाचे आहेत, ही गोष्ट नीट समजावून सांगावी लागते. वस्तीवर ‘पाच टक्क्याने पैसे घेतले’ असे म्हणतात, ते पाच टक्के महिन्याचे असतात. म्हणजे वर्षाला साठ टक्के. समजा एका मजूर कुटुंबाने २० हजार रुपये असे घेतले. महिन्याला एक हजार रुपये नुसते व्याज जाते, वर्षाला बारा हजार. कायद्याच्या १८ टक्के दराने तेच व्याज वर्षाला ३,६०० रुपये झाले असते. वीस महिन्यांत व्याजापोटीच वीस हजार दिले जातात आणि मुद्दल तसेच राहते. आपल्याकडे जुन्या काळापासून चालत आलेला दामदुपटीचा नियम इथे उपयोगी पडतो : मुद्दलापेक्षा जास्त व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. हा नियम २०१४ च्या कायद्यातही आहे. चक्रवाढ व्याजालाही मनाई आहे.

सावकाराने हिशेब ठेवला पाहिजे, मिळालेल्या रकमेची पावती दिली पाहिजे. कोऱ्या कागदावर सही घेणे बेकायदा आहे. परवाना नसलेल्या सावकाराने कोर्टात दावा लावला, तर कोर्ट त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. कर्जाच्या व्यवहारात सावकाराने जमीन किंवा घर खरेदीखत करून स्वतःच्या नावावर घेतले असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून ते खत रद्द ठरवू शकतात आणि मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतात. या अर्जाला कायद्याने मुदत घातलेली आहे. म्हणून उशीर करू नये.

तक्रार कुठे करायची? तालुक्यात सहकारी संस्थांचे सहायक निबंधक आणि जिल्ह्यात जिल्हा उपनिबंधक हेच सावकारीवर देखरेख ठेवणारे अधिकारी असतात. साध्या कागदावर लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मारहाण किंवा धमकी असेल तर पोलिसांकडे वेगळी तक्रार द्यावी.

एक खुलासा : नातलगाने किंवा शेजाऱ्याने अडचणीला बिनव्याजी दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे. ते परत करायचेच असतात.

मुकादमाची किंवा भट्टीमालकाची उचल

कोल्हापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, कोळसा पाडायला जाणारी कुटुंबे हंगामाआधी उचल घेतात. हंगाम संपला तरी ‘अजून फिटले नाही’ असे सांगितले जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे यावे लागते.

उचल घेणे गुन्हा नाही. पण त्या उचलीच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाऊ न देणे, दुसरीकडे काम करू न देणे, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे किंवा घरातील मुलाला ठेवून घेणे ही वेठबिगारी आहे. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ प्रमाणे अशा मजुराचे ते कर्ज कायद्यानेच संपते. ते वसूल करण्यासाठी दावा चालत नाही आणि त्यासाठी घेतलेली मालमत्ता परत द्यावी लागते. वेठबिगारीला लावणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मजूर अनुसूचित जमातीचा आणि राबवून घेणारा त्या प्रवर्गाबाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे. १९८४ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : सक्तीची मजुरी दिसून आली की ती उचलीपोटीच आहे असे न्यायालय धरून चालेल, तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची. म्हणजे ‘माझ्याकडे कागद नाही’ म्हणून मजुराने गप्प बसण्याचे कारण नाही.

अशा वेळी तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे अर्ज द्यावा. सुटका झालेल्या मजुराला मुक्ततेचा दाखला मिळतो आणि पुनर्वसनाची सरकारी मदत त्या दाखल्यावर अवलंबून असते. दाखला घेतल्याशिवाय परत फिरू नये.

वेठबिगारीचे काही नसेल आणि नुसते उचलीचे पैसे राहिले असतील, तर मुकादम फक्त दिवाणी कोर्टात जाऊ शकतो. मजुराला पकडून नेणे, गाडी-बैल ओढून नेणे, बायकापोरांना अडवून ठेवणे याचा अधिकार त्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

महिला गटाचे आणि फायनान्स कंपनीचे कर्ज

आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाखाली येतात. सावकारी कायदा त्यांना लागू होत नाही. एप्रिल २०२२ पासूनचे नियम थोडक्यात असे आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले असे कर्ज विनातारण असते. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणे यांना मनाई आहे. वसुली ठरलेल्या जागी व्हावी. त्या जागी बाई लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही तरच कर्मचारी घरी येऊ शकतो.

त्रास होत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत. चौकशीचा क्रमांक १४४४८ आहे. मात्र नियम मोडला म्हणून कर्ज माफ होत नाही, हेही गटातील बायकांना स्पष्ट सांगावे. हप्ता झेपत नसेल तर मुदत वाढवून हप्ता लहान करून मागावा, आणि ही मागणी लेखी द्यावी.

जमीन गहाण पडली असेल तर

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६-अ प्रमाणे ६ जुलै १९७४ नंतर आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकणे, गहाण देणे, भाडेपट्ट्याने देणे किंवा बक्षीस देणे हे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. विक्रीसाठी तर राज्य शासनाचीही मान्यता लागते. बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जासाठी कायद्यात वेगळी सोय आहे.

कोल्हापूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणून ‘हा कायदा इथे नाही’ असे काही जण सांगतात. ते चुकीचे आहे. हे कलम खातेदाराच्या जमातीवर अवलंबून आहे आणि राज्यभर लागू आहे. सावकाराने कर्जापोटी सातबाऱ्यावर नाव चढवून घेतले असेल, तर तहसील कचेरीतून फेरफाराची नक्कल काढावी आणि ती घेऊन वकिलाकडे जावे.

कोर्टाची नोटीस आली तर

सर्वात मोठे नुकसान इथेच होते. नोटीस न घेतल्याने किंवा तारखेला न गेल्याने दावा थांबत नाही. एकतर्फी निकाल लागतो. मग ‘व्याज जास्त लावले’, ‘पैसे दिले आहेत’ हे सांगण्याची संधी हातची जाते. तारखेला हजर राहावे आणि वकील मिळेपर्यंत मुदत मागावी.

धनादेश न वटल्याची नोटीस आल्यास ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे देण्याची मुदत असते. हा प्रकार फौजदारी आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कोरा धनादेश कधीही कोणाला देऊ नये.

साध्या पैशाच्या दाव्यात मात्र ‘कर्ज फिटले नाही म्हणून तुरुंग’ ही भीती खोटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले की ऐपत असूनही बदमाशीने पैसे बुडवणाऱ्यालाच हुकूमनाम्यापोटी अटक होऊ शकते, निव्वळ गरिबीमुळे नाही. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करताच येत नाही.

जप्तीलाही मर्यादा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि पोटासाठी लागणारी जनावरे जप्त होत नाहीत. मजुराची मजुरी जप्त होत नाही. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेले त्याचे घर जप्त होत नाही. मात्र ते त्याच कर्जासाठी गहाण दिलेले असेल तर गोष्ट वेगळी.

मग दिवाळखोरी कोणासाठी?

कोर्टाच्या भाषेत तिला नादारी म्हणतात. मुंबई शहर वगळता राज्यात अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. ज्याचे कर्ज पाचशे रुपयांहून कमी नाही आणि ते फेडण्याची ऐपत नाही, तो दिवाणी कोर्टात स्वतः अर्ज करू शकतो. रक्कम शंभर वर्षांपूर्वीची असल्याने आज ती अट कोणीही पुरी करील. पण पुढचे परिणाम समजून घेतले पाहिजेत.

अर्ज मंजूर झाला की जप्तीतून सूट असलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून आलेले पैसे देणेकऱ्यांत वाटले जातात. तेवढ्या काळात विनातारण देणेकरी कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे लागू शकत नाहीत. ठरलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. मुक्तता मिळाली की उरलेले देणे संपते. मात्र सरकारी देणे, फसवणुकीतून झालेले देणे आणि बायकामुलांची पोटगी यातून सुटका नाही. गहाणदाराचा गहाण मालावरचा हक्क कायम राहतो. जामीनदार सुटत नाही. नादार माणसाला ग्रामपंचायतीसारख्या संस्थेत निवडूनही येता येत नाही. मालमत्ता लपवली तर शिक्षा होते.

२०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे : वर्षाचे उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसलेल्यांसाठी. पण संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला आहे. सर्वसामान्यांना तो लागू केलेला नाही. म्हणून ‘नव्या कायद्याने कर्ज माफ करून देतो’ असे कोणी सांगितले तर एक रुपयाही देऊ नये.

ज्याच्याकडे चार-पाच ठिकाणची कागदोपत्री खरी कर्जे आहेत, धंदा बुडाला आहे आणि तडजोडीने मार्ग निघत नाही, अशा माणसाने नादारीचा विचार करावा. सावकाराच्या बेकायदा व्याजासाठी किंवा वेठबिगारीच्या उचलीसाठी नादारी पत्करणे म्हणजे जे देणे कायदा मानतच नाही ते आपण होऊन कबूल करणे.

वकील कुठे आणि कसा मिळेल?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मधील कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, बालक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, वेठबिगारीत सापडलेली व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. जमातीच्या माणसाला आणि स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. धनगर व इतर भटक्या समाजातील पुरुषांची नोंद आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत नाही. त्यांना उत्पन्नाच्या मर्यादेवरून ही मदत मिळू शकते.

कोल्हापुरात कसबा बावडा येथील न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. जातीचा दाखला, आधारकार्ड, कोर्टाची नोटीस असल्यास ती आणि कर्जाची वही सोबत न्यावी. जातीचा दाखला काढलेला नसेल तरी स्त्रीने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. तिला त्यासाठी दाखल्याची अट नाही. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च यांतले काही द्यावे लागत नाही. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले किंवा तो तारखेला आला नाही, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवावे आणि दुसरा वकील मागावा. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले तरी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे.

खासगी वकील करायचा असेल तर आधी चार गोष्टी विचाराव्यात : महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आहे का, अशी प्रकरणे पूर्वी चालवली आहेत का, एकूण फी किती आणि पावती मिळेल का. वकिलाला ‘जिंकलो तर इतका हिस्सा’ अशी फी ठरवता येत नाही आणि जाहिरात करून पक्षकार मिळवता येत नाहीत. त्यामुळे भिंतीवर किंवा मोबाईलवर ‘कर्जमुक्ती करून देऊ’ असे लिहिणारा बहुधा वकील नसतोच. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचून घ्यावे.

याच शहरात छत्रपती शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातील शिकलेल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. ज्याला कोर्टात कोणी विचारत नाही, त्याच्या बाजूने बोलणारा माणूस कोर्टात असावा, हा विचार कोल्हापूरला नवा नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*वडील वारले. त्यांचे कर्ज मुलांनी फेडायचे का?* वडिलांकडून जी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतेच. काहीच मिळाले नसेल तर स्वतःच्या कमाईतून फेडण्याची जबाबदारी नाही. मुलगा स्वतः जामीन असेल तर मात्र आहे.

*जामीन राहिलो तर काय होते?* कर्जदाराइतकीच जबाबदारी येते. आधी त्याच्याकडून वसूल करा, असे म्हणता येत नाही.

*सरकारची कर्जमाफी आम्हाला लागू होते का?* २०१७ आणि २०१९ च्या योजना शेतकऱ्यांच्या बँक व सोसायटीच्या कर्जासाठी होत्या. सावकार किंवा फायनान्स कंपनीचे देणे त्यांत आले नाही.

*जुने कर्ज आहे, आता नवीन कागदावर सही मागतात.* देऊ नये. साध्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. नव्या सहीने मेलेला दावा जिवंत होऊ शकतो. आधी वकिलाला दाखवावे.

*पोलीस ठाण्यातून फोन आला, पैसे देऊन टाक म्हणतात.* उधारी वसूल करणे हे पोलिसांचे काम नाही. लेखी नोटीस मागावी.

*लोकअदालतीत जावे का?* झेपेल अशी तडजोड होत असेल तर जरूर जावे. फी लागत नाही. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून हप्त्याचा आकडा घरी हिशेब करूनच कबूल करावा.

कर्जाच्या काळजीने घरातील कोणी जेवेनासे, बोलेनासे झाले असेल, तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मनाच्या आजाराविषयी मराठीत, विनाशुल्क बोलता येते. कर्जाला मार्ग निघतो; माणूस आधी जपावा.

कार्यकर्त्यांनी या तिमाहीत एवढे तरी करावे : आपल्या वस्तीतील प्रत्येक कर्जदार घराची वही तयार करावी, ज्यांच्याकडे जातीचा दाखला नाही त्यांची यादी करावी, आणि ज्या घरी कोर्टाचा कागद आला आहे त्या घरातील माणसासोबत पुढच्या तारखेला स्वतः जावे.